अर्पणाची थैली आणि मंडळीचीं लेंकरें

(अभ्यासासाठीं : करिंथकरांस दुसरें पत्र, अध्याय ८, तीमथ्यास पहिलें पत्र, अध्याय ३)



रविवारची उपासना संपल्यावर आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत काय होतें तें आठवून पाहा. दानपेटी पुढें आणिली जाते. दोन पंच सतरंजीवर बसतात, सर्वांदेखत नोटा व नाणीं मोजतात, आंकडा वहींत लिहितात आणि त्याखालीं दोघेही सही करितात. कित्येकदां ती रक्कम दोनशें रुपयांचीही नसते. तरी "दोघे कशाला? माझ्यावर विश्वास नाहीं काय?" असें कोणी पंच आजवर म्हणाल्याचें आम्हीं ऐकिलें नाहीं.

त्याच वेळीं प्रार्थनामंदिराच्या मागच्या पडवींत शब्बाथशाळा भरलेली असते. पंधरावीस मुलें आणि एकच शिक्षक. तो कोण, कोठून आला, यापूर्वीं कोणत्या गांवीं शिकवीत होता, हें कोणत्याही वहींत लिहिलेलें नसतें. पैशाला दोन साक्षी, आणि लेंकरांना एकही नाहीं! आजचा धडा या एका विसंगतीविषयीं आहे.

पौलानें काय केलें

यरुशलेमांतील गरीब बांधवांसाठीं ठिकठिकाणच्या मंडळ्यांनीं निधि जमविला, तेव्हां तो पोंचविण्याची व्यवस्था पौलाकडे होती. पौलावर संशय घेण्याची कोणाची छाती होती? तरी त्यानें तें काम एकट्याच्या हातीं राहूं दिलें नाहीं. तीताबरोबर त्यानें आणखी दोन बंधु पाठविले. त्यांपैकीं एकास मंडळ्यांनींच निवडलें होतें, आणि दुसऱ्याची पारख पुष्कळ कामांत पूर्वींच झालेली होती. एवढ्या मोठ्या रकमेविषयीं कोणास बोट ठेवावयास जागा राहूं नये, हा त्याचा हेतु. तीमथ्यास लिहितांनाही सेवकांची नेमणुकीपूर्वीं पारख व्हावी असें तो सांगतो.

यांत दोन गोष्टी आहेत : पारख आणि सोबत. काम देण्यापूर्वीं पारख, आणि काम चालू असतां सोबत. पौलानें थैलीसाठीं जें केलें, तें लेंकरांसाठीं करावयास आपण कां लाजावें?

आपल्या भागाची स्थिति

जव्हार व मोखाडा या तालुक्यांतील पाड्यांवर दिवाळी सरली कीं अनेक घरांना कुलुपें लागतात. आईबाप वीटभट्टीवर, भिवंडी-वसईकडे, नाहीं तर नाशिकच्या बाजूस मजुरीला जातात, आणि पाऊस तोंडावर आला म्हणजे परततात. कांहीं लेंकरें बरोबर जातात, कांहीं आश्रमशाळेंत राहतात, कांहीं आजीआजोबांपाशीं. अशा मुलांची संध्याकाळ आणि सुट्टी कोणाच्या हातीं असते? रात्रीचा अभ्यासवर्ग घेणाऱ्याच्या, उन्हाळी शिबिर चालविणाऱ्याच्या, दाभोशाचा धबधबा दाखवावयास नेणाऱ्याच्या. म्हणजे वर्षांतील सात-आठ महिने कित्येक मुलांना आईबापांच्या जागीं आपले स्वयंसेवकच असतात.

दुसरी गोष्ट अशी. १९९२ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंची बातमी सर्वत्र गेली. तेव्हांपासून मुंबई, ठाणें व नाशिक येथून मदतीचे हात या डोंगरांत येत राहिले आहेत. त्यांतील बहुतेक निर्मळ मनाचे आहेत, आणि त्यांचे उपकार आपण विसरणार नाहीं. परंतु उपकार करावयास आलेल्या माणसास प्रश्न विचारणें आपणांस कृतघ्नपणाचें वाटतें. त्यांत आपली बोलण्याची रीतही भर घालते. परका माणूस सकाळीं एस. टी. तून उतरतो, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या पाड्याचा 'दादा' होतो. बाई असली तर 'ताई'. हें आपल्या भाषेचें औदार्य आहे. पण नातें जोडल्यानें ओळख होत नाहीं, आणि ओळख झाली म्हणून चौकशी झाली असें होत नाहीं.

आमच्या हातून झालेली चूक

हें आम्ही उपदेशकाच्या आसनावरून लिहीत नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं, सध्यांचा कायदा येण्याआधीं, आम्ही पाळकपदावर नवीन असतां एका उन्हाळ्यांत एक तरुण आमच्याकडे आला. आवाज गोड, पेटी उत्तम वाजवी, आणि गोष्ट सांगूं लागला म्हणजे मोठीं माणसेंही दाराशीं थांबत. त्याच्यापाशीं कोणाचें पत्र नव्हतें. एका वडिलांनीं "आपल्यांतलाच आहे" इतकें म्हटलें, आणि आम्हांस तें पुरेसें वाटलें.

तिसऱ्या आठवड्यांत एक दहा वर्षांचा मुलगा वर्गास येईनासा झाला. आम्ही त्याच्या घरीं गेलों. आजी म्हणाली, "त्या दादाबरोबर वहाळावर जायचं नाहीं म्हणतो. काय झालं तें सांगत नाहीं." मुलगा भिंतीकडे तोंड करून बसला होता.

आम्हीं काय केलें? त्या तरुणास रात्रीं बोलावून घेतलें आणि सकाळच्या पहिल्या गाडीनें परत पाठविलें. मंडळीस सांगितलें कीं, त्याच्या घरीं अडचण निघाली. बोभाटा झाला नाहीं म्हणून मनांतल्या मनांत आभारही मानले. दोन वर्षांनीं एका सभेंत दुसऱ्या गांवच्या पाळकांशीं बोलणें निघालें, तेव्हां कळलें कीं, त्यांनींही त्या तरुणास आमच्या आधीं असाच गुपचूप निरोप दिला होता. त्यांच्या मौनामुळें तो आमच्याकडे आला. आमच्या मौनामुळें तो कोणाकडे गेला, हें आम्हांस आजतागायत ठाऊक नाहीं. आणि त्या मुलाला "तुझें कांहीं चुकलें नाहीं" इतकें एक वाक्यही आम्हीं कधीं सांगितलें नाहीं.

चांगल्या नांवाचा आडोसा

आमच्यासारखी चूक मोठमोठ्या शहरांतही झाली आहे. गोव्यांत मडगांव येथें फ्रेडी पीट्स हा निराधार मुलांचें वसतिगृह चालवीत असे, आणि लोक त्यास परोपकारी गृहस्थ समजत. १९९१ सालीं त्यास अटक झाली, व १९९६ सालीं मुलांवरील अत्याचारांबद्दल न्यायालयानें त्यास जन्मठेप दिली. मुंबईंत कुलाब्यास डंकन ग्रँट यानें १९९५ सालीं रस्त्यावरील मुलांसाठीं 'अँकरेज' नांवाचीं निवारागृहें काढिलीं. ॲलन वॉटर्स हा त्याचा स्नेही तेथें येत असे. दोघेही पूर्वीं ब्रिटिश आरमारांत होते. २००६ सालीं सत्र न्यायालयानें दोघांस दोषी ठरविलें, २००८ सालीं उच्च न्यायालयानें सोडलें, आणि मार्च २०११ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें मुलांची साक्ष विश्वसनीय मानून शिक्षा पुन्हां कायम केली. तेथील व्यवस्थापकासही शिक्षा झाली.

ऑगस्ट २०२४ मध्यें बदलापूर येथील एका शाळेंत दोन चिमुकल्या मुलींवर शाळेंतील पुरुष सफाई कामगाराकडून अत्याचार झाल्याची फिर्याद नोंदली गेली, आणि क्षुब्ध लोकांनीं रेल्वे अडविली. वेळेवर पोलिसांस न कळविल्याबद्दल शाळेच्या चालकांवरही गुन्हा नोंदला गेला. बदलापूर ठाणें जिल्ह्यांत आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत आपण त्याच जिल्ह्यांत होतों. हें दूरदेशचें वृत्त नव्हे.

यावरून सर्व बाहेरच्यांकडे संशयानें पाहावें असें मात्र नाहीं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षें असें दिसतें कीं, बालकांवरील बलात्काराच्या खटल्यांत शेंकडा नव्वदांहून अधिक वेळां आरोपी बालकाच्या ओळखीचाच असतो. आणि धोका केवळ मुलींनाच आहे असेंही नाहीं. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानें २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत १३ राज्यांतील १२,४४७ बालकांना विचारलें होतें. त्यांतील निम्म्याहून अधिक बालकांनीं कोणत्या तरी प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचें सांगितलें, आणि त्यांत मुलांचें प्रमाण मुलींहून कमी नव्हतें. म्हणून पारख परक्याची तशी घरच्याचीही, पुरुषाची तशी स्त्रीचीही, आणि सर्वांआधीं पाळकाची.

कायदा काय सांगतो

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा अधिनियम, ज्यास लोक पॉक्सो म्हणतात, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. १८ वर्षांखालील प्रत्येक जण त्याच्या दृष्टीनें बालक आहे. धार्मिक संस्थेच्या व्यवस्थेंतील किंवा सेवेंतील माणसानें असा अपराध केल्यास तो अधिक गंभीर मानिला जातो. अपराध घडला किंवा घडण्याचा संभव आहे असें कळल्यास पोलिसांस कळविणें हें प्रत्येक प्रौढ माणसाचें कर्तव्य आहे. न कळविणाऱ्यास ६ महिन्यांपर्यंत, आणि आपल्या हाताखालील माणसाचा अपराध न कळविणाऱ्या संस्थाचालकास १ वर्षापर्यंत कारावास सांगितला आहे. सद्भावनेनें खबर देणाऱ्यावर मात्र कोणताही दोष येत नाहीं.

२०२० च्या नियमांप्रमाणें, जेथें मुलांशीं नित्य संबंध येतो अशा संस्थेनें आपल्या नोकरवर्गाची पोलिसांकडून पडताळणी वेळोवेळीं करून घ्यावयाची आहे. नियम नोकरवर्गाविषयीं बोलतो. परंतु लेंकराला पगारी दादा आणि बिनपगारी दादा हा भेद कोठें कळतो?

पारख : काम देण्यापूर्वीं

१. मुलांचें काम मागणाऱ्या नवीन माणसानें निदान सहा महिने मंडळींत राहावें, उपासनेस यावें, दुसरीं कामें करावींत. सुट्टीपुरता येणारा असेल तर त्यास मुलांबरोबर काम द्यावें, पण वर्गाची जबाबदारी देऊं नये.

२. त्याच्याकडून एक साधा कागद भरून घ्यावा : नांव, पत्ता, व्यवसाय, मागील पांच वर्षांत कोठें कोठें राहिला, मुलांचें काम कोठें केलें आणि तें कां सोडलें. लिहितां न येणाऱ्या बाईंकडून तोंडीं विचारून लिहून घ्यावें.

३. नातलग नसलेल्या दोन माणसांचीं नांवें घ्यावींत, त्यांतील एक मागील मंडळींतील किंवा शाळेंतील असावें. त्यांनीं दिलेलें पत्र त्याच्याच हातून घेऊन थांबूं नये. पंचांनीं स्वतः फोन करावा किंवा जाऊन भेटावें, आणि एक प्रश्न अवश्य विचारावा : "तुमचें स्वतःचें मूल याच्याबरोबर रात्रीच्या शिबिरास पाठवाल काय?" उत्तरापूर्वीं समोरचा जर घुटमळला, तर तें घुटमळणेंही वहींत लिहावें.

४. पोलिसांकडील चारित्र्य पडताळणीचा दाखला घ्यावा, आणि ठराविक मुदतीनें तो नवा करावा. परंतु दाखला म्हणजे सर्व कांहीं नव्हे. जें पोलिसांपर्यंत कधीं गेलेंच नाहीं, तें दाखल्यांत येत नाहीं. आमच्या त्या तरुणाचा दाखला स्वच्छच आला असता.

५. तीन जणांनीं त्याच्याशीं बोलावें, त्यांत निदान एक बाई असावी. पुढें सांगितलेले नियम वाचून दाखवून सही किंवा अंगठा घ्यावा. जो नियम ऐकून रागावतो, त्यास दुसरें काम द्यावें.

सोबत : काम चालू असतां

१. मुलांबरोबर नेहमीं दोन मोठीं माणसें असावींत, आणि तीं एकाच घरचीं नसावींत. मूल व शिक्षक यांनीं एकांतांत बोलण्याची वेळ आलीच, तर तीं दोघें इतरांच्या दृष्टीस पडतील अशा जागीं बसावींत. दार उघडें असावें.

२. मुक्कामाच्या शिबिरांत मुलांची व मुलींची झोपण्याची सोय वेगळी असावी; मुलींकडे बायाच असाव्यात. कोणाही मोठ्या माणसानें मुलाच्या अंथरुणावर झोपूं नये. रात्रीं शौचास किंवा पहाटे वहाळावर जातांना मुलांनीं जोडीनें जावें आणि बरोबर दोन मोठीं माणसें असावींत.

३. एकट्या मुलास मोटारसायकलवर मागें बसवून घरीं सोडण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. पाडा दूर, जीप मिळत नाहीं, हें आम्ही जाणतों. तरी वर्ग उजेड असतां संपवावा आणि एका वाटेचीं मुलें एकत्र पाठवावींत.

४. शिक्षकानें मुलाशीं फोनवर खाजगी संदेश पाठवून बोलूं नये. निरोप पालकाच्या फोनवर द्यावा. एकाच मुलाला चोरून खाऊ, कपडे किंवा पैसे देऊं नयेत. "हें कोणाला सांगूं नकोस" हे शब्द मुलांच्या वर्गांत कोणी कधींही उच्चारूं नयेत.

५. आईबाप मजुरीस जाण्यापूर्वीं मूल कोणत्या कार्यक्रमास जाईल आणि त्यास परत नेण्याचा अधिकार कोणाला, आजीला कीं चुलत्याला, हें लिहून घ्यावें. मूल किती वाजतां आलें व कोणाबरोबर गेलें, हें रोज वहींत नोंदावें.

६. पंचांपैकीं एकानें न कळवितां मधून मधून वर्गास भेट द्यावी. वर्षांतून एकदां प्रत्येक शिक्षकाच्या कामाचा विचार बसून करावा.

७. मुलांना तीन गोष्टी पाठ असाव्यात : तुझ्या अंगाला नकोसा हात लागला तर "नको" म्हण, तेथून नीघ, आणि ज्याच्यावर तुझा विश्वास आहे त्याला सांग, तो ऐकेपर्यंत सांग. दादाला नकार देणें म्हणजे मोठ्यांचा अपमान नव्हे, हें मुलांना आपणच सांगितलें पाहिजे.

कानावर आलें तर

मूल बोलूं लागलें कीं शांतपणें ऐकावें. उलटतपासणी करूं नये, आश्चर्य दाखवूं नये, "कोणाला सांगणार नाहीं" असें खोटें वचन देऊं नये. त्याचेच शब्द लिहून ठेवावेत आणि सांगावें कीं, तुझें कांहीं चुकलें नाहीं. त्याच दिवशीं पोलिसांस किंवा बालकांच्या मदतीच्या १०९८ या क्रमांकावर कळवावें. त्या स्वयंसेवकास चौकशी पुरी होईपर्यंत मुलांच्या कामापासून दूर ठेवावें; हा निवाडा नव्हे, ही सावधगिरी आहे. खरें-खोटें ठरविणें पंचांचें काम नाहीं.

आपल्या पाड्यांवर पोलिसांचें नांव काढिलें कीं लोक दचकतात, आणि जातीच्या पंचांनीं दंड घेऊन प्रकरण मिटविण्याकडे ओढ असते. त्यांना हें समजावून सांगावें कीं, या कायद्याप्रमाणें मुलाचा जबाब त्याच्या घरीं किंवा त्याला रुचेल त्या ठिकाणीं घ्यावयाचा असतो, शक्यतों स्त्री पोलिस अधिकाऱ्यानें, आणि तोही गणवेश न घालतां. मुलाला रात्रीं पोलिस ठाण्यांत ठेवतां येत नाहीं. मुलाचें नांव कोठेंही छापतां येत नाहीं. हेंच बंधन आपणही पाळावें. प्रार्थनेच्या निमित्तानेंही तें नांव मंडळींत घेऊं नये. आणि दुसऱ्या मंडळीनें त्या माणसाविषयीं विचारलें, तर काय घडलें आणि कोणाकडे कळविलें तें खरें सांगावें.

दोन आक्षेप

कोणी म्हणतील, "अशानें माणसें मिळणार नाहींत, आधींच शिकवावयास कोण येतो?" मिळतील तितकींच घ्या. शिक्षक दोनच असतील, तर वर्ग दोन चालविण्याऐवजीं एकच चालवा. रविवारीं एक वर्ग बंद राहिल्यानें कोणाचें लेंकरूं उद्ध्वस्त झाल्याचें आम्हीं ऐकिलें नाहीं.

दुसरे म्हणतील, "यानें भल्या माणसांचा अपमान होतो." दोन पंचांनीं दान मोजल्यानें भल्या पंचाचा अपमान होतो काय? उलट उद्यां कोणी खोटा आळ घेतला, तर दुसऱ्याची सही त्याच्या कामास येते. सोबतीच्या नियमानें लेंकरूं वांचतें, आणि निर्दोष शिक्षकाचें नांवही वांचतें. भला माणूस हें एकदां समजला म्हणजे तोच आपल्या सोबत्यास हांक मारतो.

आमच्या मंडळींत आतां अर्पणाच्या वहीशेजारीं दुसरी एक वही असते. तिच्या पहिल्या पानावर पाळकाचा कागद लाविला आहे; त्याचीही चौकशी पंचांनींच केली. ज्या दिवशीं त्यांनीं आम्हांस बसवून प्रश्न विचारले, त्या दिवशीं थोडा संकोच वाटला, हें कबूल करितों. भिंतीकडे तोंड करून बसलेला तो मुलगा आठवला, आणि संकोच गेला.

पंचांच्या सभेंत विचारासाठीं प्रश्न

१. आपल्या मंडळींत मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाचें नांव आपण आतां लिहूं शकतों काय? त्यांतील कितींची चौकशी झाली आहे?

२. मागील वर्षांत एखादें मूल कारण न सांगतां येईनासें झालें काय? त्याच्या घरीं कोण गेलें?

३. येत्या सुट्टींतील शिबिरास रात्रीं कोण कोणाच्या सोबतीस असेल?

४. आपण कोणास गुपचूप निरोप दिला आहे काय? तो आतां कोठें आहे?